पाचव्या ओळीत बघ बरं

आमच्या ह्यांना मी उभ्या आयुष्यात कधी टाकून बोलले नाही, पण त्यांच्या पाटीला मात्र पोटभर बोलले. जेवण गार झालं, की पाटी. लग्नाला जायला उशीर झाला, की पाटी. एकदा गॅसवर दूध उतू जात असताना हे शेजारच्या खुर्चीत बसून पाटीचा विचार करत होते, आणि वर मलाच म्हणाले, "कसला वास येतोय गं?"

पाटी म्हणजे दगडी पाटी नव्हे. ती कॉम्प्युटरची भाषा आहे, मराठीतली. हे, म्हणजे श्रीनिवास, तंत्रनिकेतनात शिकवायचे, तेव्हा सुट्ट्यांमध्ये बसून त्यांनी ती खेड्यातल्या शाळांसाठी तयार केली. मुलांनी लिहायचं 'पुढे ५०', 'वळ ९०', आणि पडद्यावरचं टोक तसतसं चालत जाऊन चित्र काढणार. मुलांनी लिहिलेली एकेक ओळ वाचून यंत्राला समजावून सांगणारा जो मधला असतो, त्याला म्हणतात इंटरप्रिटर. म्हणजे दुभाष्याच. ह्या दुभाष्याची दुखणीखुपणी काढण्यात आमच्या घराच्या कितीतरी सुट्ट्या गेल्या.

पाटीची पहिली विद्यार्थिनी मी. मी शाळेत मराठी शिकवायचे. पाटी शिकता शिकता मी तिच्या बोलण्यालाही वळण लावलं. आधी ती काही चुकलं की नुसतं 'चूक : ओळ ७' असं डाफरायची. मी ह्यांना म्हटलं, मुलाशी असं बोलतात का? तेव्हापासून पाटी म्हणते, 'सातव्या ओळीत बघ बरं.' पुढं उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघं वैजापूरकडच्या शिक्षकांना पाटी शिकवायला जायचो. हे यंत्राचं सांगायचे, लिहायला मी शिकवायचे.

गेल्या उन्हाळ्यात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून वाचले. उजवा हात मात्र रुसला आणि बोलणं अडखळायला लागलं. शब्द डोक्यात असतो, ओठांपर्यंत येता येता वाटेत कुठंतरी बसून राहतो. गारखेड्यातल्या आमच्या घरी माणसं भेटायला यायची, हे मान हलवायचे, हसायचे. फोन मात्र घेईनात. समोरचा माणूस चेहरा बघून थांबतो तरी, फोनवरचा "हॅलो, हॅलो" करत राहतो. ते "हॅलो, हॅलो" त्यांना सहन व्हायचं नाही. फोन वाजला की ते माझ्याकडं सरकवायचे.

अशात शाळांना नवीन कॉम्प्युटर आले, आणि त्यांच्यावर जुनी पाटी चालेना. आतून सगळीच नव्यानं बांधायला हवी होती. ते काम घेतलं तनुजानं, आमच्या सुनेनं. ती वैजापूरची, शेतकऱ्याघरची, आणि घरूनच एका पुण्याच्या कंपनीचं काम करते. आमचा चिन्मय शेंद्र्याला कारखान्यात असतो. त्याला पाटीतलं ओ की ठो कळत नाही. ह्यांचं ते शल्य सुनेनं पुसून टाकलं. कंपनीचं काम आटोपलं की ती ह्यांच्या खुर्चीशेजारी लॅपटॉप घेऊन बसायची.

"बाबा, तुमच्या पाटीच्या पोटात लई पसारा आहे हो," ती म्हणायची.

हे डाव्या हाताचा अंगठा दाखवायचे. म्हणजे, काढ.

ती एकेक गोष्ट विचारायची. हे कशाला? ते कशाला? ह्यांना आठवायचं ते अडखळत सांगायचे. आठवत नसेल तर मान हलवायचे. तनुजा मग तो तुकडा काढून बघायची, आणि तिनं लिहिलेल्या ढीगभर चाचण्या, म्हणजे पाटी नीट चालते का ते बघायचे छोटे प्रोग्राम, पुन्हा चालवायची. काही बिघडलं नाही, तर तो तुकडा गेला. घरातली जुनी बोचकी उपसावीत तसं चाललं होतं, आणि ह्यांच्या चेहऱ्यावर जरा तेज आलं होतं. गणपती उठले आणि नवी पाटी शाळांना गेली.

दिवाळीच्या सुट्टीला थोडे दिवस असताना पुंडलिकचा फोन आला. पुंडलिक वैजापूरजवळच्या एका शाळेत शिक्षक आहे, आमच्या पहिल्या शिबिरातला. पाटी शिकवणाऱ्या आसपासच्या सगळ्या शाळांचं तोच बघतो.

"बाई, सर हायेत का? नाय, फोन देऊ नका, तुम्हीच सांगा त्यांना," तो म्हणाला. "नवी पाटी भलतीच ओळ दाखवतीय. पोरं दिवाळीची रांगोळी काढायलीत. चूक एकीकडं आन् पाटी बोट दाखवती दुसरीकडं. ती रूपा हाय ना, सातवीतली, तिनं चांगली ओळ तीनदा खोडली आन् तीनदा लिहिली. पाटी म्हणती चौथ्या ओळीत बघ. चौथी तर बरोबर हाय! शेवटी रडायला लागली. म्हणली, सर, मला हे जमणार नाय."

मी फोन स्पीकरवर ठेवला होता, ही चूक झाली. ह्यांनी सगळं ऐकलं.

तनुजा मीटिंगमध्ये होती, म्हणून रूपाचा प्रोग्राम मीच कागदावर उतरवून घेतला. पुंडलिक वाचत गेला, मी लिहीत गेले. 'रंग लाल. चार वेळा कर. पुढे ५०. वळ. संपलं.' फोटोही मागवला होता, पण त्यात निम्मा पडदा ट्यूबलाइटच्या उजेडात गेलेला आणि निम्म्यावर पुंडलिकचं डोकं.

तनुजानं कागदावरून प्रोग्राम तिच्या लॅपटॉपवर लिहून चालवला. पाटी म्हणाली, 'चौथ्या ओळीत बघ बरं.'

"अहो आई, बरोबर तर सांगतेय," तनुजा म्हणाली. "चौथी ओळ 'वळ'. किती वळायचं ते रूपानं लिहिलंच नाही."

"तो म्हणतो चौथी ओळ 'पुढे ५०' आहे."

"असं कसं? मोजा ना तुम्ही."

मी मोजलं. 'वळ' चौथीच होती. पुंडलिकचं गणित पहिल्यापासून बेताचं, असं मी मनात म्हटलं. तसं तोंडावरही म्हणाले असते, पण दुसऱ्या दिवशी आणखी दोन शाळांतून तीच तक्रार आली. सगळ्यांना चूक एक ओळ वरच दिसत होती.

तनुजा हटली नाही. वर रिकामी ओळ पडली असेल म्हणून तिनं तसं करून पाहिलं. पाटीनं बरोबर मोजलं. लांबलचक ओळी, मध्येच सोडलेली जागा, जुना कीबोर्ड, नवा कीबोर्ड, सगळं झालं. तिच्याकडं पाटी एकदाही चुकली नाही.

ह्यांनी लॅपटॉप आपल्या पुढ्यात ओढला. डाव्या हाताच्या एका बोटानं ते नवा कोड वर-खाली करत बसले. सकाळ गेली, दुपार गेली. चहा पुढ्यात गार झाला, पण ह्या वेळी मी पाटीला एक शब्द बोलले नाही. दिवेलागणीला त्यांनी लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलं.

"शैला," ते म्हणाले. "माझी... मलाच... वाचता येत नाही."

"नवीन लिहिलंय ना तनुजानं. वेळ लागेल."

त्यांनी मान हलवली. डाव्या हातानं कपाळाला बोट लावलं. "हे... गेलं."

मग एकेक शब्द गोळा करून ते म्हणाले, "पोरीनं... बरोबर ओळ... खोडली. माझ्यामुळं. बंद करू. शाळा उघडायच्या आत... पुंडलिकला... सांग."

मला काय वाटलं ते सरळच सांगते. मला भीती वाटली. हात गेला, बोलणं गेलं, तरी हा माणूस रोज सकाळी उठून दाढी करून खुर्चीत बसत होता, तो त्या पाटीसाठी. ती बंद झाली तर उद्या कशासाठी उठेल? जिला मी जन्मभर सवत म्हणून हिणवलं, तिच्याचसाठी मी देवापुढं हात जोडले.

दारात उभ्या तनुजाचे डोळे भरले होते. "बाबा, शाळा उघडेपर्यंत मला वेळ द्या. तोवर काही सांगू नका," ती म्हणाली. हे काही बोलले नाहीत. बोलले नाहीत म्हणजे हो, असं तिनं धरलं.

दिवाळी आली आणि गेली. रांगोळी मी दारात काढली ती नावापुरती. शाळा सोमवारी उघडणार होत्या, आणि शनिवारी सकाळी नळाला पाणी आलं.

आमच्या शहरात पाण्याचा दिवस म्हणजे काय, ते इथं राहणाऱ्यालाच कळतं. पाणी रोज येत नाही. येतं तेव्हा पाहुणे, देव, ऑफिस, सगळं बाजूला राहतं. मोटार लावा, टाकी भरा, पिंप भरा, बादल्या, पातेली, कुकरचा डबासुद्धा भरा. तनुजा पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधून गच्चीवर पळाली. जाता जाता लॅपटॉप माझ्यापुढं ठेवून गेली.

"आई, रूपाचा प्रोग्राम मला पुन्हा पहिल्यापासून करून बघायचाय. तेवढा कोऱ्या पानावर लिहून ठेवता का? कागद तिथंच आहे. मी आलेच."

मी चष्मा लावला. पाटीवर लिहून मला किती वर्षं झाली होती! हे समोर खुर्चीत बसून डाव्या हातानं व्यायामाचा रबरी चेंडू दाबत होते. खरं तर तो उजव्या हातानं दाबायचा. मी एक बोट फिरवत फिरवत अक्षरं शोधली, कागदावरून एकेक ओळ उतरवली आणि 'चालव' दाबलं.

'चौथ्या ओळीत बघ बरं.'

मी बघितलं. पडद्याच्या डाव्या कडेला ओळींचे आकडे असतात. चारच्या पुढं लिहिलेलं होतं 'पुढे ५०'. धडधाकट, नीट, कसलीच खोट नसलेली ओळ. 'वळ' होतं पाचच्या पुढं.

"तनुजा!" मी ओरडले. "अगं तनुजा, ये लवकर! चुकली, पाटी चुकली!"

ती जिन्यावरून धावत आली. हात कोपरापर्यंत ओले. पडद्याकडं बघून ती एकदम थबकली.

"आई, हे पहिल्या ओळीत काय लिहिलंत?"

"कुठं? श्री लिहिलंय."

"का?"

आता ह्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? नवीन पानावर श्री लिहितात म्हणून. वाण्याच्या यादीवर लिहिते, पत्रावर लिहिते, शाळेत फळ्यावर जन्मभर लिहिलं. ज्या कागदावरून मी आत्ता उतरवलं, त्याच्याही डोक्यावर '॥ श्री ॥' होतंच. इतके दिवस तो कागद आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टेबलावर पडला होता. तनुजानं त्याच्या खालून टाइप केलं होतं, कारण सासूबाई कुठल्याही कागदावर श्री लिहितात हे तिला माहीत होतं. आणि पुंडलिकनं फोनवर वाचताना श्री वाचलं नव्हतं. श्री कोण मोठ्यानं वाचतं?

तनुजानं ओल्या बोटानंच ती पहिली ओळ पुसली आणि पुन्हा चालवलं. चौथ्या ओळीत बघ बरं. चौथी ओळ 'वळ'. बरोबर. तिनं श्री परत लिहिलं. चौथ्या ओळीत बघ बरं. चौथी ओळ 'पुढे ५०'. चूक.

"शाळेतली पोरं वर श्री लिहितात?" तिनं मला विचारलं.

"लिहिणारच. त्यांच्या शिक्षकांना मी शिकवलंय."

तनुजा तिथंच जमिनीवर बसली. "मीच केलं हे," ती म्हणाली. "व्हय, मीच. बाबांनी सोय केली होती. दुभाष्या वाचायला बसायच्या आधी श्रीची ओळ बाजूला काढून ठेवायची. म्हणजे त्याला ती दिसतच नाही, तो खालच्या ओळीपासून एक, दोन मोजतो. मग चूक सांगताना त्यात एक मिळवायचा, की मुलाच्या पानावरचा आकडा येतो. ते 'एक मिळव' भलत्याच ठिकाणी, दूर कोपऱ्यात लिहिलेलं होतं. मी बाबांना विचारलं, हा एक कशाला? त्यांना आठवलं नाही. मी काढून बघितला. माझ्या एकाही चाचणीत काही बिघडलं नाही. माझ्या कुठल्याच चाचणीत वर श्री नव्हतं ना!" तिनं ओढणीनं डोळे पुसले. "आणि दोष तुम्ही स्वतःच्या डोक्याला देत बसलात, बाबा."

ह्यांच्या हातातला चेंडू थांबला होता. ते पडद्याकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते. आणि हसत होते. झटक्यानंतर त्यांचं हसू एका बाजूनंच येतं, पण ते जुनं हसू होतं, गॅसवरच्या दुधाच्या वेळचं.

"तू... उठून... गेली होतीस," ते म्हणाले.

"मी? कुठं?"

"पहिल्या... दिवशी."

आणि मला आठवलं. पाटी नवीन होती. ह्यांनी मोठ्या हौसेनं मला पुढ्यात बसवलं होतं, आणि मी पहिल्या ओळीत श्री लिहिलं होतं. यंत्र डाफरलं होतं, 'चूक : ओळ १'. मी ताडकन उठले होते. श्रीला चूक म्हणणारं यंत्र माझ्या घरात नको, असं म्हणून स्वयंपाकघरात निघून गेले होते. रागात भाकरीही करपवली होती. दुसऱ्या दिवशी ह्यांनी पुन्हा बोलावलं, मी फुरंगटून बसले, मुद्दाम पुन्हा श्री लिहिलं. यंत्र गप्प राहिलं. मला वाटलं, माझाच धाक बसला. नंतर मी ते विसरूनही गेले.

"तुम्ही ते माझ्यासाठी केलं होतं?"

"तू... लिहिल्याशिवाय... सुरू करत नाहीस."

"मग सांगायचं नाही का तेव्हा?"

त्यांनी डावा खांदा उडवला. एवढ्यात काय सांगायचं, असा.

मी तोंड फिरवलं आणि उगाचच कागदाची घडी घालायला लागले. माझ्या नवऱ्यानं मला कधी गजरा आणला नाही, वाढदिवस तर हमखास विसरायचे. आणि त्या पाटीच्या पोटात, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात, माझ्यासाठी ह्या माणसानं एक मिळवून ठेवला होता. इतकी वर्षं शाळाशाळांतल्या पोरांचं श्री त्याच्यावर चाललं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"बाबा, तुम्हाला आठवलं!" तनुजा एकदम म्हणाली. "आता आठवलं ना? मग डोकं गेलं कुठं? जागच्या जागी आहे की!"

ह्यांनी कपाळाला बोट लावलं, त्या दिवशी लावलं होतं तसंच. मग तेच बोट माझ्याकडं केलं. "हिच्यापाशी... होतं."

तनुजानं लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. दुरुस्ती कुठं करायची ते तिनं दाखवलं, पण हात लावला नाही. ह्यांनी डाव्या हाताच्या एका बोटानं 'एक मिळव' पुन्हा लिहिलं. ह्या वेळी जिथं श्रीची ओळ बाजूला काढतात तिथंच, शेजारी, म्हणजे पुढच्या माणसाला दिसेल. मग तिनं नवीन चाचणी उघडली.

"आता वरची ओळ लिहा, बाबा. म्हणजे परत कुणी हा एक काढला, तर लगेच बोंब होईल. मीसुद्धा काढू शकणार नाही."

त्यांनी '॥ श्री ॥' लिहिलं. सावकाश, पण नेटकं.

"आणखी कुणी वर काही लिहितं का?" तिनं विचारलं.

"सातशे... शहाऐंशी," ते म्हणाले. "बशीरसरांची... मुलं."

बशीरसर ह्यांचे तंत्रनिकेतनातले मित्र, तेही शिबिरांना यायचे; त्यांचे विद्यार्थी श्रीऐवजी ७८६ लिहायचे, आणि तीही ओळ पाटी बाजूला काढायची. तनुजानं तीही चाचणी घातली. मग रूपाचा प्रोग्राम, श्रीसकट. ह्यांनीच 'चालव' दाबलं.

'पाचव्या ओळीत बघ बरं.'

चूक बरोबर ठिकाणी आल्याचा इतका आनंद मी कुठल्या घरात पाहिलेला नाही. तनुजानं टाळी वाजवली. तेवढ्यात गच्चीवरून टाकी वाहिल्याचा आवाज आला, आणि ती "अगं बाई, मोटार!" करत पुन्हा जिन्याकडं पळाली.

"पुंडलिकला मी कळवते," मी म्हटलं आणि फोन लावला. तिकडं वाजायला लागलं, तेवढ्यात ह्यांनी डावा हात पुढं केला. मला कळेना. पाणी हवं असेल म्हणून मी तांब्या सरकवला. त्यांनी मान हलवली आणि हात तसाच ठेवला.

मी फोन त्यांच्या हातात दिला.

पुंडलिक मार्केट यार्डात होता, भावाचा कांदा घेऊन. लिलावाच्या गलक्यातून त्याचा मोठा आवाज मलाही ऐकू आला. "बोला बाई!"

ह्यांचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता.

"हॅलो? बाई? आवाज येतोय का? हॅलो?"

मी फोन घ्यायला पुढं झाले. ह्यांनी तो कानाशी आणखी घट्ट धरला.

"बाई... नाही," ते म्हणाले. "मी."

पलीकडचा लिलावाचा गलका मागं पडत गेला. मग पुंडलिक म्हणाला, "सर?" आणि लगेच पुन्हा, "सर, तुम्ही बोलायलात?"

"पुंडलिक," हे म्हणाले. त्यांनी एक श्वास घेतला. "रूपाला सांग, तिची ओळ बरोबर होती."

वाक्य एका दमात झालं, मध्ये कुठंही न बसता. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. ते पुंडलिकचं उत्तर ऐकत होते आणि मान हलवत होते, आणि मी तांब्या हातात धरून तशीच उभी होते.